आमची वाटचाल : जीपीयूच्या लाटेतून वाचलेली एफपीजीए कंपनी

आमचं काम म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट नंतर भरता येणाऱ्या चिपवर, तपासणं. सुरुवातीचं फार सांगत नाही, मी, पार्टनर, स्पार्टन-६ या एफपीजीएचा एक बोर्ड आणि त्यात सर्किट भरायची जेटॅग केबल, बस. चिपवाल्यांचं नवं सॉफ्टवेअर व्हिवाडो आलं तरी त्यात स्पार्टन-६ चालत नाही म्हणून आम्ही जुन्या आयएसई १४.७ लाच चिकटून राहिलो. पार्टनरचा हात व्हेरिलॉगमध्ये (सर्किट लिहायची भाषा) असा की ३ बाय ३ चा मीडियन, म्हणजे नऊ पिक्सेलमधला मधला निवडून चित्रातले ठिपके घालवणारा फिल्टर, त्याने १९ कंपेरेटरमध्ये (दोन आकड्यांची तुलना करणारे) बसवला, पूर्ण पाइपलाइन, क्लॉकच्या दर ठोक्याला एक पिक्सेल बाहेर. तो कोर (तयार सर्किट) आजही आहे तसाच विकतोय.

मग काही वर्षं बरी गेली.

आणि मग ते आले. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेलच. जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपवाला, डबा घेऊन फिरायचे आणि कस्टमरला सांगायचे की एफपीजीए संपलं, आता सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं. डेमोत फ्रेम रेट दाखवायचे, तोही सरासरी, म्हणजे मधला उशीर झाकलेला! आमच्या ऑर्डरी आटल्या, पगार लांबले, पार्टनर नोकरीला लागला (त्याच्यावर राग नाही, घर त्यालाही होतं). डीप लर्निंगसाठी जीपीयू चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही, पण बाटलीचं झाकण तिरकं आहे का बघायला सोबेल (कडा शोधणारा फिल्टर) पुरतो आणि त्यालाही |जीएक्स| + |जीवाय|, म्हणजे आडव्या-उभ्या फरकांची नुसती बेरीज चालते, वर्गमूळ कशाला?

टिकलं ते फक्त एक गिऱ्हाईक, बॉटलिंग लाइनवाले साहेब. त्यांनी ब्रोशर बाजूला ठेवलं आणि ऑसिलोस्कोप लावला, एका चॅनेलवर कॅमेरा ट्रिगर, दुसऱ्यावर रिजेक्टचा, म्हणजे खराब बाटली उडवायचा, पल्स. त्या डब्याचा पल्स मागेपुढे नाचत होता, आणि पल्स उशिरा आला की खराब बाटली पुढे जाते आणि मागची चांगली उडते. आमचा जागचा हलला नाही. हलेल कसा, ३ बाय ३ च्या खिडकीला दोन लाइन बफर (चित्राची एकेक ओळ साठवणारी मेमरी) लागतात, पण मधल्या पिक्सेलला फक्त खालच्या एका ओळीची वाट बघावी लागते, आणि १०८०पी ६० ला क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ, एका ओळीचे ब्लँकिंगसकट (ओळींमधला रिकामा वेळ) २२०० क्लॉक, म्हणजे साधारण १५ मायक्रोसेकंदात फिल्टरचं उत्तर बाहेर पडायला लागतं. ते लोक अख्खी फ्रेम मेमरीत यायची वाट बघतात, तिथेच १६ मिलिसेकंद गेले. साहेबांनी पुढच्या सगळ्या लाइन आम्हाला दिल्या, त्यावर कंपनी उभी राहिली. आता त्याच मंडळींच्या ब्रोशरवर मोठ्या अक्षरात 'डिटरमिनिस्टिक लेटन्सी' (उत्तराचा वेळ कायम तेवढाच) छापलेलं असतं, वाचून करमणूक होते.

नवीन पोरांना सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. आधी पायथनमध्ये बिट-टू-बिट जुळणारं मॉडेल लिहा, मग आरटीएल (प्रत्यक्ष सर्किटचा कोड). फ्लोट (दशांश आकडे) टाळा, गॉसियनचे (चित्र मऊ करणारा फिल्टर) कोइफिशंट असे घ्या की बेरीज १६ येईल, मग भागाकार नाही, चार बिट शिफ्ट. कॅमेऱ्याचा क्लॉक वेगळा असेल तर मधे असिंक फिफो (दोन वेगळ्या क्लॉकमधली रांग) टाका, "चालतंय की" म्हणून वायर थेट जोडू नका. आणि निगेटिव्ह स्लॅक, म्हणजे सिग्नल क्लॉकच्या वेळेत पोचत नाही असा रिपोर्ट, असताना बोर्ड टेबलावर चालला म्हणून पाठवू नका, लाइनवरच्या तापलेल्या पॅनेलमध्ये तोच बोर्ड कधीतरी एकच पिक्सेल चुकवतो, आणि तो शोधायला आयएलए (चिपच्या आतले सिग्नल दाखवणारा कोर) लावून बसावं लागतं, तेही कस्टमर डोक्यावर उभा असताना.