काटा मारणारा माणूस लिहिताना

माझ्या कथेचा पहिला खर्डा बारा दिवसात लिहून काढला आणि आप्पांना वाचून दाखवला, तर ते ऐकून एवढंच म्हणाले, "इतला लवकर कसा बिघडना हाऊ?"

गोष्ट आमच्या अंमळनेरकडची, कापसाच्या खेडा खरेदीतली, म्हणजे व्यापारी गावात येऊन कापूस घेतो त्यातली. व्यापाऱ्याचा एक काटेवाला, साधा माणूस, काटा मारायला लागतो आणि शेवटी सुधारतो. माझ्या खर्ड्यात तो दुसऱ्याच पानावर पोत्यामागे पाच किलो मारत होता, आणि शेवटी मुलीचा अपघात होतो, हा ढसाढसा रडतो, झाला चांगला. आप्पा जन्मभर काट्याकडे डोळे लावून उभे राहिलेले, त्यांना हे कसं पटणार.

मग मी पहिली चोरी बदलली. कापूस वाळला की वजन घटतं, जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ते कमी भरतं आणि मालक ती घट याच्या पगारातून कापतो, म्हणून हा पोत्यामागे अर्धा किलो धरतो. इथं वाचक त्याच्या बाजूनं असतो, आणि तो असायलाच पाहिजे, कारण वाचक सोबत घसरला नाही तर पतन म्हणजे नुसती बातमी होते. पुढं घट येणं थांबतं तरी वहीतला रकाना "घट" याच नावानं चालू राहतो, अर्धा, एक, अडीच. तो चोर झाला असं मी कुठंच लिहिलं नाही, फक्त आकडे वाढवले. हे सुचलं वाल्या कोळ्यावरून, लहानपणी ऐकलेलं ना, एकेका खुनाला एक खडा आणि खड्यांनी भरलेले रांजण, पाप डोळ्याला दिसायला अशी एखादी वस्तू लागतेच.

दुसरी चूक निवेदनाची. आधी सगळं "मी"मध्ये होतं, त्यामुळं तो पहिल्या ओळीपासून पश्चात्तापच करत बसला, पडायला वावच नाही. म्हणून "तो" केलं पण मनातलं बोलणं तसंच ठेवलं, म्हणजे "त्याला वाटलं" वगैरे न लावता सरळ, घट तर सगळेच धरतात, आपण काय एकटे. हे वाक्य लेखकाचं की त्याचं ते वाचकानं ठरवायचं. आणि भाषा! जसजसा खोटं बोलायला लागतो तसतशी त्याची अहिराणी, आमच्याकडची बोली, सुटत जाते, शेतकऱ्यांशी सुद्धा छापील मराठी बोलतो. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला अजूनही तेच सगळ्यात खरं वाटतं.

सुधारणा मात्र जमेना. तेव्हा दस्तयेवस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' पुन्हा उघडली, १८६६ ची कादंबरी, सहा भाग आणि वर उपसंहार, खून पहिल्याच भागात होऊन जातो आणि बाकी सगळं त्यानंतरचं. माझी पानं मोजली तर पतनाला अठ्ठावीस आणि सुधारणेला दोन! वाईट वाटलं खूप. अपघात काढून टाकला, कारण अपघातानं माणूस घाबरतो, सुधारतोच असं नाही. आता तो तीच वही घेऊन, शेवटच्या पानाकडून पहिल्याकडं, घरोघर पैसे द्यायला निघतो. काही जण माफ करतात, एक जण दारातून हाकलतो, मालक कामावरून काढतो, आणि बायको विचारते की आपण खायचं काय, तिला त्याच्याकडं उत्तर नसतं.

सगळ्यात शेवटी पहिल्या पानावरची म्हातारी. तिच्यापुढं तो कितीतरी महिन्यांनी अहिराणीत बोलतो, "काटा नही चुकना माय, मी चुकनू." त्यावर तिच्या तोंडी मी "जाऊ दे रे भाऊ" घातलं होतं. आप्पांना तिसऱ्यांदा वाचून दाखवताना त्या वाक्यावर माझीच जीभ अडखळली, तिथल्या तिथं खोडलं. आता ती नोटा दोनदा मोजते, लुगड्याच्या पदरात बांधते आणि कापूस वेचायला निघून जाते, तो ओट्यावर तसाच बसलेला.

आप्पा या वेळी काही बोलले नाहीत, उठून माझी लिहायची वही हातात घेतली आणि शेवटचं पान चष्मा लावून स्वतः वाचलं.