चोच उघडी, पंख पसरलेले

ऊन लागून कोंबडा चोच उघडी टाकून धापतोय, पंख अंगापासून लांब धरलेत, तुरा फिका किंवा जांभळट पडलाय, उभा केला तर पुन्हा बसकण मारतोय. अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास चोच फाकवून पाणी ओततं. उन्हातून वाचला असता तो कोंबडा त्या पाण्यानं जातो. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ओतलेलं सरळ फुप्फुसात उतरतं. कांद्याचा रस आणि हळद-तेलाचंही तेच. बोट बुडवून चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा. त्यानं आपणहून गिळला तरच दुसरा.

पाण्याआधी अंग निववा. कोंबड्याला घाम येत नाही, आणि धडधाकट असतानाही त्याचं अंग 41-42 अंश असतं, म्हणून हाताला गरम लागलं यावरून काही ठरवू नका. पत्र्याच्या खुराड्यातून काढून सोप्यात आणा. परातीत हौदातलं साधं पाणी घेऊन पाय पाच-दहा मिनिटं बुडवून धरा. तुरा, गळ्याखालच्या लाल पाळ्या, पंखाखालची उघडी कातडी ओल्या फडक्यानं पुसा आणि पुठ्ठ्यानं वारा घाला. बर्फ नको, कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, उष्णता आतच कोंडते. धरताना छाती आवळू नका, उताणा करू नका. छातीचं हाड हललं तरच त्याला श्वास घेता येतो.

ओल्या पोत्याचं गणित गावागणिक बदलतं. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत खुराड्याला वाऱ्याच्या बाजूनं ओलं पोतं लावलं की छान गारवा येतो. वळवाचे ढग दाटले, हवा कोंदली की तेच पोतं नुसती दमट वाफ धरतं. तेव्हा पंखाच बरा.

मान सावरून धरायला लागला की परळात, म्हणजे पसरट मातीच्या भांड्यात, ओआरएस ठेवा: 1 लिटरचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात. कमी पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होतं. उरलेलं संध्याकाळी फेकून द्या. धाप थांबेपर्यंत दाणा नको, पचनानंही अंग तापतं. तापाची गोळी तर नकोच. हा ताप नव्हे. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध पाखरांना विषच. गिधाडं त्यानंच मेली म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

दुसऱ्या दिवशीही उठत नसेल तर माश्यांचा धोका. शेपटीखालची पिसं विष्ठेनं चिकटतात, माशी तिथं अंडी घालते आणि उन्हाळ्यात दिवसभरातच अळ्या होतात. ती पिसं कात्रीनं कापा, कोमट पाण्यानं धुऊन कोरडं करा, सकाळ-संध्याकाळ शेपूट उचलून बघा. खाली भुसा किंवा कोरडं तरट हवं, आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर छातीच्या हाडावर जखम होते.

मान पिळवटली, विष्ठा हिरवी पाण्यासारखी झाली, एक पाय ओढायला लागला, तर ऊन नव्हे, राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची शंका घ्या. त्याला औषध नाही, आणि आजारी पडल्यावर लस टोचून उपयोग नाही. बाकीच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा, हात आणि चपला धुवा. पटापट मरायला लागल्या तर मेलेल्या उघड्यावर टाकू नका, सरकारी दवाखान्यात कळवा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 ला फोन लागतो. डॉक्टर कन्नड असतील तर ‘हुंज’ म्हटलं की कोंबडा हे कळतं. विष्ठेचा मात्र फोटोच दाखवा.