नळी गेली, हाताचं काय?

अँजिओग्राफी करून पेशंट वॉर्डात आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर, ब्लॉकेज किती निघाले?" साहजिकच आहे. पण ज्या हातातून नळी हृदयापर्यंत गेली, त्याची चौकशी क्वचितच कोणी करतं. नेरुळच्या आमच्या वॉर्डात माझं निम्मं लक्ष त्या हाताकडेच असतं.

मनगटातून अँजिओग्राफी करण्याचा अनुभव माँट्रिअलच्या डॉ. कांपो यांनी १९८९ मध्ये मांडला. जांघेतून करण्यापेक्षा यात रक्तस्राव कमी, पेशंटही लवकर उठून बसतो. मलाही हीच पद्धत बरी वाटते. पण मनगटातली रेडिअल धमनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. नळी जाताना ती आखडते, हात ठणकतो. म्हणून नायट्रोग्लिसरीन किंवा वेरापामिल देतात आणि गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन.

नळी काढली की मनगटाला हवा भरायचा पारदर्शक पट्टा बांधतात. घणसोलीच्या एका काकांचा मुलगा म्हणाला, "अजून थोडी हवा भरा ना, रक्त यायला नको." त्याची भीती खरी होती. पण पट्टा करकचून आवळला तर आतलं रक्त थांबतं, गुठळी होते आणि धमनी बंद पडू शकते. बाहेर थेंब येऊ नये आणि आत रक्त वाहतं राहावं, इतकाच दाब हवा. मी काकांच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावला, करंगळीच्या बाजूची धमनी दाबून धरली. मॉनिटरवरची नाडीची लाट सपाट, म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त पुढे जात नव्हतं. सिरिंजने थोडी हवा काढली, तशी लाट उठली. "आली, आली!" मुलगाच ओरडला.

धमनी बंद पडली तरी बहुतेकांना कळत नाही, कारण तळहाताला दुसऱ्या धमनीतूनही रक्त मिळतं. पण पुढे पुन्हा अँजिओप्लास्टी लागली, बायपाससाठी ही धमनी घ्यायची ठरली किंवा डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर यांची जोडणी) करायचा झाला, की अडतं. आपल्याकडे मधुमेहाचे इतके पेशंट, त्यातल्या कितीतरी जणांच्या किडन्या नाजूक. म्हणून माझा जीव त्या नाडीत अडकलेला असतो.

कोपराखाली सूज दिसली की मी तिच्या कडेने पेनाने रेघ मारते. सूज रेघेपलीकडे गेली, हात टणक झाला किंवा बोटं बधिर झाली, तर लगेच डॉक्टरांना फोन. आतला दाब फार वाढला तर ऑपरेशन करावं लागतं. असं क्वचितच होतं, पण तेव्हा वेळ घालवून चालत नाही.

डिस्चार्जच्या आधी मनगटाची नाडी तपासायला सांगा, हक्काने सांगा. घरी रक्त आलंच तर त्या जागी बोटाने घट्ट दाबून धरा आणि दवाखाना गाठा. काकांचं किराणा दुकान आहे. काही दिवस पोती मुलगाच उचलेल, असं त्याच्याकडून कबूल करून घेऊनच त्यांना घरी सोडलं.