महामार्गाला बाग स्वस्त का पडते?

शहरातून नवा महामार्ग आखला जातो तेव्हा नकाशावरची रेघ पुष्कळदा बागेतून, नदीकाठाने किंवा गरिबांच्या वस्तीतून जाते, आणि याला मी योगायोग मानत नाही. बागेची जमीन आधीच सार्वजनिक मालकीची असते, त्यामुळे तिथे कोणाला मोबदला द्यावा लागत नाही आणि कोणाचे पुनर्वसनही करावे लागत नाही. वस्तीत ते करावे लागते, पण तिथली जमीन कमी भावाची असते आणि तिथल्या हरकतींना वजन नसते. सावलीसाठी अंदाजपत्रकात रकानाच नाही.

हा हिशेब मेम्फिस या अमेरिकी शहरात न्यायालयासमोर उघडा पडला. तिथल्या ३४२ एकरांच्या ओव्हरटन पार्कमधून सहापदरी महामार्ग जाणार होता, त्यात २६ एकर नष्ट होणार होते आणि प्राणिसंग्रहालय उरलेल्या उद्यानापासून तुटणार होते. नागरिकांच्या याचिकेवर १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नेमके वर्मावर बोट ठेवले: खर्च, मार्गाचा सरळपणा आणि लोकांचे विस्थापन एवढेच तोलले, तर जवळजवळ प्रत्येक वेळी उद्यानाचीच जमीन घेणे सोयीचे ठरेल, म्हणूनच दुसरा व्यवहार्य मार्ग असेल तर उद्यानाला हात लावू नये, असे कायदा सांगतो. वाद पुढेही बरीच वर्षे चालला, पण महामार्ग उद्यानातून गेला नाही. उद्यानाबाहेरची, त्याच मार्गात येणारी घरे मात्र पाडली गेली. झाडांना मिळालेले कायद्याचे कवच त्या घरांना नव्हते.

घरे वाचली तरी वस्ती वाचतेच असे नाही. न्यूयॉर्कमधील क्रॉस ब्रॉन्क्स एक्स्प्रेसवेचे काम १९४८ मध्ये सुरू झाले आणि त्याने भरवस्तीचे दोन तुकडे केले. असा रस्ता ओलांडायला मोजकेच पूल उरतात आणि काठावर राहणाऱ्यांच्या वाट्याला धूर व आवाज येतो. झाडांच्या बदल्यात झाडे लावण्याचे आश्वासन मला फारसे पटत नाही, कारण रोपे बहुधा शहराबाहेर लागतात आणि सावली हरवलेली असते ती गल्लीत. शिवाय रुंद रस्ता स्वतःच नवी वाहने ओढून घेतो, हे वाहतूकतज्ज्ञ अनेक दशके सांगत आले आहेत.

दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये उलटे घडले. चॉन्गेचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ पासून पाडण्यात आला आणि २००५ मध्ये तिथे पाणी व हिरवळ परतली. त्यानंतर आसपासच्या जमिनींचे भाव चढले. तिथले फेरीवाले मात्र आधीच दुसरीकडे हलवले गेले होते.