ऊसतोडीच्या उन्हाचा हिशेब

एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाला विषय घेतला तेव्हा मला धास्ती होती ती मोजमापाचीच. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या अंगावर इतक्या वर्षांत अतिनील किरणं किती पडली, याचा अंदाज काढायचा होता. पण ऊन मोजणं त्यातल्या त्यात सोपं निघालं. अतिनील निर्देशांक, म्हणजे त्या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, १ असताना तासभर उघड्यावर थांबलं की ०.९ एसईडी होतात. एक एसईडी म्हणजे त्वचा भाजण्याच्या हिशेबाने चौरस मीटरला १०० जूल. डिसेंबरातही भर दुपारी आपल्याकडे निर्देशांक सातच्या आसपास असतो, म्हणजे तासाला सहा एसईडी. उपग्रहांची जुनी आकडेवारी मिळते. गुणाकार केला की झालं.

गुणायचं कशाने, तिथे गाडी अडली.

"मावशी, ऊसतोडीला किती वर्षं झाली?"

"लगीन झालं तवापासून."

"लग्न कधी झालं?"

"भूकंपाच्या आदल्या साली."

म्हणजे १९९२; किल्लारीचा भूकंप सप्टेंबर १९९३ चा. माझ्या फॉर्मवर 'एकूण वर्षे' असा एकच चौकोन होता. मी तीस लिहिणार तेवढ्यात काका कोपीतून (पाचटाच्या झोपडीतून) म्हणाले, "मधी आलोच न्हाय की आपण." मग दोघांची जुंपली: धाकटीच्या बाळंतपणात एक हंगाम बुडाला की दोन? त्या रात्री मी फॉर्म बाजूला ठेवला आणि कालपट्टी आखली. भूकंप, लेकरांचे जन्म, २०२० चा लॉकडाऊन (तेव्हा कितीतरी टोळ्या फडावरच अडकल्या होत्या) आणि २०२१-२२, ज्या साली ऊस संपता संपेना आणि तोडणी जूनपर्यंत चालली. मेमधल्या दिवसाला डिसेंबरातल्या दिवसाच्या दीडपटीहून जास्त किरणं पडतात, त्यामुळे तो हंगाम वेगळा धरावा लागला.

पडताळणीला मुकादमाची वही होती. कोणत्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, कोणत्या साली किती उचल दिली, सगळं तीत. पण मी सरकारी माणूस असणार याची त्याला खात्री, दोन दिवस वही निघाली नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्याने ती स्वतःच्या मांडीवर उघडली, मला हात लावू दिला नाही, आणि फक्त सालं वाचून दाखवली. तेवढ्याने काम झालं. काका बरोबर होते, तीन हंगाम गाळले.

अंगावर पडणारी किरणं मोजायला लावलेल्या डोसाच्या बिल्ल्यांची फजिती वेगळीच. पॉलिसल्फोनची पातळ फिल्म, अतिनील किरणांनी तिचं प्रकाश शोषणं वाढतं, ते ३३० नॅनोमीटरवर वाचायचं. मी बिल्ले मनगटांना बांधले. बायकांच्या बिल्ल्यांवर जवळपास काहीच उमटलं नाही. मशीन बिघडलं म्हणून मी लॅबमध्ये वाद घातला. कारण फडात समोरच दिसत होतं: उसाचं पातं हात चिरतं म्हणून साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला गच्च फडकं. बिल्ला बाहीच्या आत! दुसऱ्या दिवशी तो खांद्यावर नि डोक्यावरच्या फडक्यावर टाचला, आणि आपल्या उन्हात फिल्म दिवसभर टिकत नाही म्हणून दुपारी बदलला. उपग्रहाचा आकडा बांधावरच्या मोकळ्या जागेचा असतो. कातडीपर्यंत त्यातलं काय पोचतं ते हा शर्ट ठरवतो, आणि चाळीस पानांच्या माझ्या आराखड्यात शर्ट हा शब्दच नव्हता.

त्याहून मोठं भगदाड उन्हाळ्याचं. मी फक्त तोडणीचे महिने धरले होते. पाडव्यानंतर माणसं गावी जातात आणि एप्रिल-मेमध्ये रोजगार हमीवर माती खणतात. तेव्हा दुपारचा निर्देशांक ११-१२ असतो. तोडणी पहाटे अंधारातच सुरू होते, त्यामुळे हंगामात तास पुष्कळ पण त्यातले उन्हाचे कमी. काही जणींच्या बाबतीत ते दोन महिनेच अख्ख्या हंगामाच्या तोडीस तोड निघाले.

जर्मनीत उन्हाने होणारा एका प्रकारचा त्वचेचा कर्करोग २०१५ पासून व्यवसायजन्य आजार धरतात. त्यासाठी कामावरचं ऊन कामाबाहेरच्या उन्हापेक्षा ४० टक्के जादा दाखवावं लागतं. गाइड म्हणाले, तसंच कर. पण हंडा घेऊन दोन किलोमीटर चालणं कामाबाहेरचं म्हणायचं का? मी एका आकड्याऐवजी प्रत्येकीला किमान आणि कमाल असे दोन दिले.

शेवटच्या भेटीत मावशींना त्यांचा कागद वाचून दाखवला.

"आन् रातच्या ऊस भरणीचं काय लिवलं?"

"शून्य, मावशी. रात्री ऊन नसतं."

"आगं ऐकलं का," त्यांनी शेजारणीला हाक मारली, "रातच्या कामाचं बाईनं शून्य लिवलंय!"