चेतकचा गिअरबॉक्स, प्लेट ४: क्रॉस एकदाचा दिसला

जुन्या बजाज चेतक स्कूटरचा गिअरबॉक्स आतून कसा चालतो, ते मी एकेका चित्रातून (प्लेट) दाखवतोय. चौथ्यात दाखवायचा होता क्रॉस, म्हणजे आतून गिअर धरणारा तुकडा. सात आठवडे गेले, अकरा ट्रेसिंग पेपर गेले, पण काल रात्री क्रॉस कागदावर दिसला. दिसला म्हणजे, बघणाऱ्याला मी एक अक्षर न सांगता कळला. बघणारी होती आमची आई, जिने आयुष्यात उघडं इंजिन पाहिलेलं नाही.

प्लेट १ ते ३ ज्यांनी पाहिल्यात त्यांना अडचण माहीतच आहे. चेतकला साखळी नाही, मागचं चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. त्या पोकळ शाफ्टवर चार गिअर मोकळे बसलेत आणि चारही कायम क्लस्टरच्या (इंजिनाकडून फिरणाऱ्या, एकाच तुकड्यातल्या चार दातेरी चाकांच्या) दातांत गुंतलेले. शाफ्टच्या पोटात चार हातांचा क्रॉस. हँडल पिळलं की केबल सिलेक्टरला ओढते, सिलेक्टर रॉड सरकवतो, आणि क्रॉसचे हात शाफ्टच्या लांबट खाचांतून ज्या गिअरच्या आत शिरतील तो गिअर शाफ्टला जखडला. उरलेले तीन नुसते फिरत राहतात. मोटरसायकलमध्ये गिअर सरकवणारा काटा (फोर्क) बाहेरून ढकलतो, इथे सगळं आतून. व्हेस्पा आखणारे दास्कानिओ मुळात विमान-हेलिकॉप्टरवाले, जागेची ही कंजुषी मला तरी तिथलीच वाटते. व्हेस्पा बनवणाऱ्या पियाजोने बजाजला दिलेला परवाना १९७१ ला संपला आणि १९७२ पासून आकुर्डीत चेतक आली, तरी रचना व्हेस्पा स्प्रिंटचीच.

तर, आत दडलेली वस्तू दाखवायची म्हणजे कापायला हवं. प्लेट ४ च्या पहिल्या मसुद्यात मी गिअर आणि शाफ्ट दोन्ही सरळ उभे कापले. काप खाचेतून गेला. खाचेच्या जागी धातूच नाही, म्हणून शाफ्ट मधल्या भागात गायब झाला आणि रॉड-क्रॉस हवेत तरंगायला लागले. कागद गॅरेजमध्ये नेला. तिथल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हा शाफ्ट मोडलाय का?"

दुसऱ्या मसुद्यात काप ४५ अंश फिरवला, म्हणजे दोन खाचांच्या मधून. आता शाफ्ट शाबूत, पण क्रॉसचे हातच कापात येईनात. मधला गोल गट्टू तेवढा दिसायचा. काकांना वाटलं तो बुश (शाफ्टवरची नळीसारखी कडी) आहे! त्यानंतरचे पाच-सहा मसुदे या दोन चुकांमध्येच हेलपाटे घालत होते. थोडा शाफ्ट काप, थोडा ठेव, मग रंग दे, मग तुटक रेषा. तुटक रेषांनी तर दर वेळी चित्राचं जाळं झालं.

मध्येच इलिप्स टेम्पलेटचं (लंबवर्तुळं काढायच्या भोकांच्या पट्टीचं) प्रकरण झालं. आयसोमेट्रिकला (तिरक्या त्रिमित चित्राला) ३५ अंशांचं लागतं. ऑनलाइन मागवलं, पाकिटावर ३५, आत ४५. मी न तपासता चार गिअर काढून मोकळा, आणि ते ताटलीसारखे का दिसतात याचा दोन दिवस शोध. यापुढे टेम्पलेट पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून, हातात घेऊन, मोजून. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपरही ऑनलाइन घेऊ नका, सर्दावून येतो आणि शाईची रेघ पसरते.

सुटका झाली ती आईच्या बांगड्यांच्या स्टँडमुळे. आडव्या दांड्यावर चार बांगड्या सैल लटकलेल्या. मनात म्हटलं, दांडा पोकळ असता आणि आतून कोणी बोटं बाहेर काढून एकच बांगडी धरली असती तर? मग लक्षात आलं की बांगडी कापली तरी चालते, दांडा कशाला कापायचा! डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या सरांनी घोकून घेतलेला नियम हाच, की शाफ्ट लांबीत कापून दाखवायचा नसतो. शाफ्ट पोकळ आहे म्हणून मीच स्वतःला सूट दिली होती.

आता प्लेट ४ अशी आहे: गिअरांचा पुढचा पाव भाग कापलेला, शाफ्ट अखंड. शाफ्ट असा फिरवलाय की दोन खाचा बघणाऱ्याकडे तिरक्या येतात आणि त्यांतून दोन हात बाहेर आलेले दिसतात. दुसऱ्या गिअरच्या आतल्या खोबणीत ते बसलेत, फक्त तो गिअर आणि क्रॉस गेरूच्या रंगात. आई म्हणाली, "याने त्याला धरलंय." बस्स.

क्रॉस समोर ठेवून काढता यावा म्हणून जुन्या बाजारातून एका भंगार इंजिनाचा अर्धा केस आणला होता. रॉकेल मिळेना, डिझेलने धुतला. त्यातला क्रॉस दिव्याखाली धरला तर हातांच्या कडा गोल झालेल्या, एका बाजूला आरशासारखी चकाकी. काकांनी त्यावर नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. "कात्रजच्या घाटात दोनचा गिअर सुटायचा ना, तो हा असा." कड गोल झाली की जोर आल्यावर गिअर क्रॉसला बाजूला ढकलतो आणि गाडी न्यूट्रल. त्याच्या शेजारी ठेवायला नाना पेठेतून नवा क्रॉस घेतला, स्वस्तातला. कानस लावून पाहिली तर सहज चावते, म्हणजे धातू मऊ. चित्रासाठी ठीक आहे, इंजिनात घालू नका.

मूळ बेत असा होता की प्लेट ५ मध्ये क्लच. पण लिहिता लिहिताच सुचतंय की आधी एक पट्टी हवी. १-न्यूट्रल-२-३-४ अशी पाच लहान चित्रं, प्रत्येकाखाली हँडलची स्थिती. न्यूट्रल एक आणि दोनच्या मध्ये का, हे त्यात आपोआप दिसेल, कारण क्रॉस तिथे दोन गिअरांमधल्या फटीत उभा असतो. केबल ताणून सैल झाली की हँडलवर दोनचा आकडा आणि आत क्रॉस फटीत, हा रोजचा वैतागही तिथेच दाखवता येईल. की पाचही चित्रं पारदर्शक शीटवर काढून एकावर एक ठेवायची? शाफ्ट तळाच्या कागदावर एकदाच काढायचा आणि क्रॉस सरकवायचा. हे जास्त पटतंय. क्लच दिवाळीनंतर.

जाता जाता प्लेट ३ ची दुरुस्ती. त्यात मी चारही मोकळ्या गिअरांना सारख्या लांबीचे बाण दिलेत, ते चूक. क्लस्टर एकसंध आहे, त्यामुळे प्रत्येक गिअरचा वेग वेगळा: पहिला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत संथ, चौथा लहान आणि चपळ. गाडी चौथ्यात असते तेव्हा पहिला गिअर शाफ्टवर सतत मागे घसरत असतो. बाणांची दिशा मात्र बरोबर आहे. क्लचच्या गिअरने क्लस्टर उलटा, क्लस्टरने गिअर पुन्हा सुलटे, म्हणून क्रँक आणि चाक एकाच दिशेने. ज्यांनी ती प्लेट छापून गॅरेजमध्ये लावली असेल त्यांनी एकचा बाण व्हाइटनरने अर्धा पुसा आणि चारचा पेनाने लांबवा.