तुम्ही विचारलंत म्हणून: धोंडू म्हणजे नकोसा का?

घराण्यात कुणा आजोबा-पणजोबांचं नाव धोंडू, दगडू किंवा केरबा निघालं की एक प्रश्न हमखास येतो: ते घरात नकोसे होते का? नाही हो. ज्याच्यावर घरादाराचा जीव टांगलेला, त्याचंच नाव धोंडू ठेवत.

आधीची दोन-तीन मुलं दगावलेली असायची. देवीच्या साथीत पाळणे रिकामे व्हायचे. मग पुढचं मूल झालं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. शेजारणीनं उचलायचं, आणि आईनं मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. मूल आता आपलं नव्हे, केरात सापडलेलं. काळ त्याच्याकडे कशाला बघेल? त्यातून केरबा, उकिर्डा, कोंडिबा. दारोदार मागून अंगडं-टोपडं केलं तर भिकाजी. मुलगी वाटावी म्हणून मुलाचं नाक टोचलं तर नथू. आणि धोंडू, कारण धोंड्याला ताप येत नाही.

बारशाला बाळाच्या आधी टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत. आधी दगड, मग लेकरू. धोंडूच्या आईचं मन मला तिथे दिसतं.

इथवर ठामपणे सांगतो. अडतो तो नकुशापाशी. हे नावही मी पूर्वी याच रांगेत बसवायचो. चुकलं माझं. नकुशा हे नाव मुलगी जगावी म्हणून ठेवलेलं नाही. मुली पुरे झाल्या, आता मुलगा होऊ दे, म्हणून ठेवलेलं आहे. धोंडूची आई काळाला चकवत होती. इथे चकवायचं कुणालाच नाही, आणि शाळेच्या हजेरीत रोज तेच ऐकायचं मात्र त्या पोरीनं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली. २०११! मग जुन्या वंशावळीतली एखादी धोंडाबाई कुठल्या रांगेतली? नुसत्या नावावरून ते ओळखता येत नाही. म्हणून बायकांच्या नावांबाबत मी आता 'नाही हो' म्हणायला धजत नाही.

दुसरा प्रश्न: कागदावर धोंडूचं धुंडिराज करू का? करू नका. धुंडिराज म्हणजे गणपती, दादासाहेब फाळक्यांचं नाव ते. कर्वे मात्र धोंडो केशवच. १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं तेही धोंडो म्हणूनच. शिवाय सातबाऱ्यावर धोंडू आणि मृत्यूच्या दाखल्यावर धुंडिराज असलं की वारसनोंद अडते. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. राजपत्रात नाव बदलण्याची सोय आहे, पण ती हयात माणसासाठी. तेव्हा सातबाऱ्यावर जे आहे तेच लिहा, काना-मात्रेसकट.